‘आम्ही’ आणि ‘आपण’



गेल्या महिन्यात ठाण्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं. त्या एका कंपनीत हिशेबाचं काम करतात, पण घरबसल्या. गटात सात माणसं. कुणी पुण्यात, कुणी इंदूरला, साहेब बंगळूरला. चौघांना तर त्यांनी अजून प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही. त्या लिहितात, “कामाचा त्रास नाही, माणसांचा आहे. तोंडावर कुणी भांडत नाही, पण सगळे आतल्या आत धुसफुसत असतात. साहेबांनी नुसतं ‘ठीक आहे.’ एवढंच लिहून पाठवलं, की दिवसभर मला घास गोड लागत नाही. ऑफिसात जात होते तेव्हा असं होत नव्हतं. माझंच काही चुकतं का?”

नाही हो, तुमचं एकटीचं चुकत नाही. हे दुखणं माझ्याही घरात येऊन गेलं आहे. माझ्या बाबतीत मात्र चूक माझी होती. म्हणून आज सल्ला देण्याआधी माझीच गोष्ट सांगते.

मी शीवला राहते आणि सकाळी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. २०२२ च्या जूनमध्ये एक जोडकाम आलं. सातवी-आठवीच्या मुलांसाठी मराठीच्या स्वाध्यायपुस्तिका तयार करायच्या होत्या. आम्ही सहा शिक्षिका, सगळ्या आपापल्या घरून काम करणार. मी शीवची, एक परळच्या, एक डोंबिवलीच्या आणि मुंबईबाहेरच्या तिघी, नाशिक, सातारा आणि कणकवलीच्या. व्हॉट्सअॅपवर गट झाला, पानामागे मोबदला ठरला आणि गटप्रमुख म्हणून माझं नाव लागलं. एकमेकींची नावं लक्षात राहण्याआधी गावंच तोंडी बसली. “नाशिकच्या बाईंचं पान आलं का?”, “कणकवलीच्या बाईंना विचारा,” असंच बोलणं चालायचं.

पहिला पंधरवडा अगदी गोडीगुलाबीचा गेला. रोज सकाळी सुप्रभात, फुलांची चित्रं, “वा बाई, काय सुरेख प्रश्न काढलात!” एखादीचा प्रश्न चुकीचा असला तरी कुणी सांगायचं नाही. नवीन ओळख, उगाच कशाला वाईटपणा घ्या!

जुलै लागला आणि कुरबुरी सुरू झाल्या. एकीचं पान लांब, एकीचं आखूड. एक रात्री बाराला पाठवणार, दुसरी पहाटे पाचला, आणि दोघी एकमेकींची झोपमोड करणार. अशात एका रविवारी आम्ही मुंबईच्या तिघी दादरला भेटलो. तिघीही मध्य रेल्वेवरच्या, त्यामुळे भेटणं सोपं. मिसळ खाल्ली, चहा झाला, आणि बोलता बोलता उरलेल्या पानांची वाटणी करून टाकली. कवितांवरचे प्रश्न आम्ही घेतले. व्याकरणाची पानं बाहेरच्या तिघींकडे गेली. व्याकरणाला वेळ दुप्पट लागतो आणि मोबदला तेवढाच, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ज्यांचा चेहरा समोर नव्हता त्यांची अडचण आमच्या लक्षात आली नाही. संध्याकाळी घरी येऊन मी गटात लिहिलं, “आम्ही असं ठरवलं आहे, की...”

नाशिकच्या बाईंचं उत्तर आलं, “बरं.” साताऱ्याहून नुसता अंगठा. कणकवलीहून काहीच नाही.

चार दिवस कणकवलीहून काही आलं नाही. परळच्या ताई मला वेगळा फोन करून म्हणाल्या, “त्या बाई कामचुकारच दिसतात.” मलाही ते पटलं. शेवटी एका रात्री साडेदहाला, ओटा आवरून झाल्यावर, अंगात थकवा आणि डोक्यात राग असताना मी साऱ्या गटासमोर लिहिलं, “कणकवलीची पानं अजून आलेली नाहीत. ज्यांना जमत नसेल त्यांनी आधीच सांगावं, म्हणजे इतरांचा खोळंबा होणार नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या बारा पानं आली. एक वेलांटी चुकलेली नाही. आणि त्याखाली, बाई गट सोडून गेल्या असल्याची सूचना.

संध्याकाळी मी फोन केला. तेव्हा कळलं, की त्यांच्या घरात नेट चालणारा फोन एकच. दिवसा तो यजमानांबरोबर कामावर जातो, रात्री मुलाचा अभ्यास असतो, आणि अकरानंतर तो यांच्या हाती लागतो. त्यातून त्या आठवड्यात सासूबाईंना दवाखान्यात ठेवलेलं. या तिथं उशाशी बसून वहीत पानं लिहीत होत्या आणि नंतर ती टाईप करत होत्या.

“मग सांगितलं का नाहीत हो?” मी विचारलं.

“कुणाला सांगणार, ताई? तुम्ही तिघी भेटता, बोलता. तुमचं ‘आम्ही’ आहे. आमच्याकडे यायचा तो निरोप. आणि तुम्ही विचारलंत ते सगळ्यांसमोर. एकदा फोन केला असतात, तर मी सगळं सांगितलं असतं.”

मी माफी मागितली. त्या चांगलं बोलल्या, पण परत आल्या नाहीत. आणखी तीन महिन्यांचं काम शिल्लक होतं. माझ्या एका ओळीनं त्या घरात येणारे चार पैसे थांबले, ही टोचणी अजून गेलेली नाही.

आणि गंमत पाहा, मी मराठीची शिक्षिका! ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो, हे मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहिते. हिंदीचं ‘हम’ आणि इंग्रजीचं ‘वुई’ यांना हा फरक करता येत नाही, आपल्या मराठीला येतो, म्हणून कौतुकानं सांगते. आणि ऐन वेळी माझ्याच हातून ‘आम्ही’ लिहिलं गेलं.

असं का होतं?

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. ब्रूस टकमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६५ साली असं मांडलं, की माणसांचा कोणताही लहान गट साधारण चार पायऱ्या चढतो. आधी नुसतं जमणं, मग घुसळण, मग घडी बसणं आणि त्यानंतर खरं काम. १९७७ साली त्यात पाचवी पायरी आली, ती पांगण्याची. आपल्याला हे नवीन नाही. घरात नवी सून येते तेव्हा आधी ती पाहुणी असते. मग मिठाचा डबा कुठे ठेवायचा यावरून तणातणी होते. मग घडी बसते, आणि पुढे तिच्यावाचून घराचं पान हलत नाही. म्हणजे घुसळण झाली याचा अर्थ घर मोडलं असा नव्हे. ती एक पायरी आहे.

पण घरातली घुसळण डोळ्यांना दिसते. भांडी आपटली की कळतं. संध्याकाळी एकत्र चहा झाला की राग निम्मा उतरतो. फोनवरच्या गटात भांडी आपटल्याचा आवाज येत नाही. तिथं राग ‘बरं’ या शब्दात बसलेला असतो, आणि तो शब्द पुसला जात नाही. तो पुन्हा पुन्हा उघडून वाचता येतो, आणि दर वाचनाला जास्त लागतो.

‘ठीक आहे’चंही तसंच. २००५ साली जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईमेलवर प्रयोग केले. लिहिणाऱ्यांना खात्री होती, की आपण हे थट्टेनं लिहिलं की मनापासून, ते वाचणाऱ्याला कळणारच. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचा अंदाज त्या खात्रीच्या मानानं पुष्कळच चुकला. लिहिताना आपल्या कानात आपलाच आवाज वाजत असतो, तो कागदावर उतरत नाही. तेव्हा ठाण्याच्या भगिनी, तुमचे साहेब कदाचित खरोखरच ‘छान झालं’ अशा अर्थानं ‘ठीक आहे’ लिहीत असतील!

मला सर्वांत जास्त पटला तो कॅथरीन क्रॅम्टन या प्राध्यापिकेचा अभ्यास. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांचे गट करून त्यांना एकच काम दिलं होतं, तेही दूर राहून. तिथं जे बिघडलं ते वाचताना मला आमचीच स्वाध्यायपुस्तिका आठवली. एक तर निरोप सगळ्यांना जात नसत, काहींनाच जात, आणि गटात पोटगट पडत. दुसरं, कुणी गप्प राहिलं की त्याचा अर्थ जो तो आपापल्या परीनं लावी. होकार, नकार, राग, की निरोप पोचलाच नाही? आणि तिसरं, समोरच्याची परिस्थिती दिसत नसल्यानं दोष सरळ त्याच्या स्वभावाला जाई.

हे तिसरं फार महत्त्वाचं. गांधी मार्केटपाशी पाणी तुंबलं की शीवची बाई उशिरा पोचणार, हे परळला कुणाला सांगावं लागत नाही. पण कणकवलीला ते कसं कळावं? तसंच कणकवलीत रात्रभर वीज नव्हती, हे मला इथं बसून कसं कळावं? कळत नाही ते नाहीच, असं आपण धरून चालतो. मग परिस्थितीची जागा स्वभाव घेतो, आणि अडचणीतली बाई कामचुकार ठरते.

गिरगावच्या पापडांची शिकवण

त्या दिवसांत मी घरात चिडचिड करत असे. सासूबाईंचं माहेर गिरगावातलं. एकदा त्या म्हणाल्या, “अगं, घरोघरी बसून मिळून एक काम करायचं, हे काय तुमच्या मोबाईलनं आणलं? आमच्या गिरगावात पापड नव्हते का लाटत?”

आणि खरंच की! श्री महिला गृह उद्योग, म्हणजे आपलं लिज्जत पापड, सुरू झालं ते गिरगावातच. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासच्या गच्चीवर सात जणी जमल्या. छगनलाल करमसी पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांच्याकडून ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन जमनादास पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, हे अनेकींना आठवत असेल.

आपल्याला हवी ती गोष्ट त्याच्या पुढची. तिसऱ्या वर्षाअखेर सभासद तीनशेच्या वर गेल्या, आणि गच्ची पुरेना. मग ठरलं, की मळलेलं पीठ प्रत्येकीनं घरी न्यावं आणि पापड लाटून आणावेत. म्हणजे एका जागी बसून, बोलत-हसत होणारं काम तीनशे खोल्यांत विखुरलं. आज ज्याला आपण दूर राहून काम करणारा गट म्हणतो, तोच तो. तेव्हा तर घरोघरी साधा फोनही नव्हता.

मग तो गट फुटला का नाही? मला त्यात चार गोष्टी दिसतात.

पहिली, सकाळची भेट. काम घरी, पण आदल्या दिवशीचे पापड सकाळी केंद्रावर आणून द्यायचे. तिथं तपासणी, वजन, आणि नवं पीठ. सासूबाई सांगतात, “आमच्या चाळीतल्या काकू त्या रांगेला कधी चुकायच्या नाहीत. आणि एखादी रांगेत दिसली नाही तर संध्याकाळी कुणीतरी तिच्या दारात जाऊन विचारायची, ‘काय गं, ताप आलाय का?’” पाहा, ‘कामचुकार’ हा शब्द तिथं आधी येत नाही. ताप आधी येतो. दूर बसलं की बोलणं आपोआप होत नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या थॉमस अॅलन यांनी १९७७ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं, की एकाच कचेरीतसुद्धा टेबलांमधलं अंतर वाढत गेलं की माणसांचं बोलणं झपाट्यानं घटतं. मग शीव आणि कणकवलीचं काय! म्हणून भेटीची वेळ ठरवूनच ठेवावी लागते.

दुसरी, घराची माहिती. नवी सभासद घेताना तिच्या घरी पापड वाळवायला पुरेशी, स्वच्छ जागा आहे ना, हे पाहिलं जातं. म्हणजे काम देण्याआधी घर ठाऊक असतं. आम्ही सहा जणींनी सहा आठवडे काम केलं, पण “तुमच्याकडे फोन कुणाचा?” हा साधा प्रश्न कुणाला विचारला नाही.

तिसरी, सर्वांची संमती. तिथं निर्णय एकमतानं घ्यायचे, आणि एका सभासदाचा विरोध असला तरी तो विचारात घ्यायचा, अशी पद्धत आहे. म्हणजे दादरला बसून तिघींनी ‘आम्ही ठरवलं’ म्हणायची सोयच नाही.

चौथी, सर्वांना एकच माप. सुरुवातीला तिथं दोन प्रतींचे पापड होत, त्यांतले एक स्वस्तातले. छगनबाप्पांनी सांगितलं, की दर्जात तडजोड नको, एकाच उत्तम प्रतीचे करा. प्रत्येकीला माहीत, की पापड कसा हवा. आमच्याकडे ‘पान’ म्हणजे किती ओळी, हेच कुणी ठरवलेलं नव्हतं. मग कुरबुरी होणारच!

मग आम्ही काय बदललं?

राहिलेल्या पाच जणींनी बसून, म्हणजे आपापल्या घरी फोनसमोर बसून, नवे नियम केले. पुढच्या वर्षी दुसरं काम आलं तेव्हा ते पहिल्या दिवसापासून पाळले. तुमच्याही उपयोगी पडतील म्हणून देते.

१. काम सुरू करण्याआधी एक संध्याकाळ फक्त घरच्या बोलण्यासाठी ठेवावी. कोणती वेळ मोकळी असते, फोन स्वतःचा की सामायिक, घरात कुणाची परीक्षा, कुणाचं आजारपण, हे प्रत्येकीनं सांगेल तेवढं सांगावं. खोदून विचारू नये.

२. कामाचं माप आधी लिहून ठेवावं. किती ओळी, कोणत्या तारखेला, कोण तपासणार. ओझं ‘सगळ्यांचं’ असलं की प्रत्येकाचा हात सैल पडतो. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्यानं दोरी ओढायला लावून हे पाहिलं होतं आणि १९१३ साली ते छापून आलं. माणसं वाढली तसा माणशी जोर कमी झाला. म्हणून प्रत्येक पानावर एकीचं नाव हवं.

३. दोघी-तिघी भेटल्या तर जरूर भेटाव्यात, पण तिथं ठरवू नये. तिथं सुचलेलं गटात ‘असं करूया का?’ म्हणून मांडावं. सर्वांचं उत्तर आल्याशिवाय ते ठरलं असं समजू नये.

४. गप्प राहण्याचा अर्थ आधीच ठरवावा. आमच्याकडे निरोप वाचला की ‘वाचलं, उद्या सांगते’ एवढं तरी लिहायचं. दोन दिवस काहीच आलं नाही तर गटात विचारायचं नाही, फोन करायचा. आणि पहिलं वाक्य “सगळं बरं आहे ना?” हेच.

५. कौतुक सगळ्यांसमोर, तक्रार एकटीला, आणि तीही आवाजानं. रात्री दहानंतर रागानं लिहिलेलं सकाळचा चहा होईपर्यंत पाठवू नये. निम्म्या वेळा ते पाठवावंसं वाटतच नाही.

६. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं सर्वांनी एकत्र बोलावं. आम्ही रविवारी सकाळी बोलतो. सर्वांत लांब असेल तिनं आधी बोलायचं, गटप्रमुखानं शेवटी. नाहीतर प्रमुखाचं मत ऐकून बाकीच्या ‘बरं’ म्हणून मोकळ्या होतात.

७. काम संपलं की नुसता गट बंद करू नये. कुणी काय केलं ते एकदा सांगून, आभार मानून पांगावं. हळदीकुंकवाला आलेलीला आपण ओटी न भरता पाठवतो का?

हे केल्यानं भांडणं थांबली का? नाही. गेल्या वर्षी नाशिकच्या बाई आणि डोंबिवलीच्या बाई ऱ्हस्व-दीर्घावरून आठ दिवस बोलत नव्हत्या. पण ते भांडण आम्हाला दिसलं, रविवारी त्यावर बोलणं झालं आणि मिटलं. साताऱ्याच्या बाई एकदा तीन दिवस गप्प होत्या. मी फोन केला, तर त्यांच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आलेला. त्यांची पानं आम्ही चौघींनी वाटून घेतली. त्या अजून आमच्यात आहेत. कणकवलीच्या बाईंच्या वेळी हे सुचायला हवं होतं.

तेव्हा ठाण्याच्या भगिनी, तुम्ही दोन गोष्टी करून पाहा. साहेबांना एकदा फोनवर सरळ विचारा, “तुमच्या ‘ठीक आहे’चा अर्थ मी काय समजू?” न रागावता, जसं घरात विचाराल तसंच. आणि त्या सातांपैकी जो सर्वांत गप्प असतो, त्याला कामाशिवायचा एक फोन करा. काय झालं ते मला कळवा.

इतर मैत्रिणींनीही आपापले अनुभव जरूर लिहावेत. पुढच्या आठवड्यात पाहू, पावसाळ्यापूर्वी डाळी-कडधान्यांना कीड लागू नये म्हणून काय काळजी घ्यावी ते.